फेफरेकरी मुलगा, प्रार्थना आणि वैद्य

शास्त्रपाठ : मार्क ९:१४-२९, मत्तय १७:१४-२०, लूक ९:३७-४३.
सोबत वाचावे : मत्तय ४:२४, २ राजे २०:१-७, २ इतिहास १६:७-१२.

रूपांतराच्या डोंगरावरून प्रभू खाली उतरला तेव्हा त्याला प्रथम काय दिसले? गर्दी, वाद, आणि त्या वादाच्या मधोमध एक बाप व त्याचा आजारी मुलगा. शास्त्री शिष्यांशी हुज्जत घालत होते. मुलाकडे कोणाचे लक्ष नव्हते. आपल्या मंडळ्यांतही एखाद्या घरी फेफऱ्याचा रोगी असला की बहुधा असेच होते. हे बाहेरचे आहे, डॉक्टरचे आहे, कोणाच्या तरी पापाचे आहे, अशी चर्चा ओटीवर रंगते आणि मूल आतल्या खोलीत निजलेले असते.

या दुखण्याला जागोजागी निरनिराळी नावे आहेत. कोणी फेफरे म्हणतात, कोणी आकडी, कोणी फीट. इंदूर-ग्वाल्हेरकडील आपले लोक मिरगी म्हणतात. वैद्यकातला शब्द अपस्मार, आणि तो चरकसंहितेइतका जुना आहे. मेंदूतील पेशी एकमेकींशी अगदी बारीक विद्युत्-संदेशांनी बोलत असतात. हे संदेश एकाएकी बेसुमार सुटू लागले की शरीरावरचा ताबा जातो व झटका येतो. इ. स. पूर्व ४०० च्या सुमारास, हिप्पोक्रेटिस या ग्रीक वैद्याच्या नावावर असलेल्या ग्रंथात या रोगाचे मूळ मेंदूत आहे असे लिहून ठेवले आहे. प्रत्यक्ष पुरावा हाती यायला मात्र १९२४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी जर्मनीत हान्स बेर्गर यांनी माणसाच्या मेंदूतील विद्युत्-लहरींचा पहिला आलेख काढला. आज ई.ई.जी. म्हणून जी तपासणी करतात ती हीच.

येथे कोणी भाविक विचारील, "शुभवर्तमानात तर अशुद्ध आत्मा म्हटले आहे, त्याचे काय?" प्रश्न रास्त आहे व तो टाळू नये. प्रभूने त्या आत्म्याला धमकावले असे तिन्ही शुभवर्तमाने सांगतात. ते खोडून काढण्याचे आपल्याला कारण नाही. पण त्यावरून प्रत्येक फेफरेकरी भूतग्रस्त असतो असा नियम काढायलाही आधार नाही. उलट मत्तय ४:२४ काळजीपूर्वक वाचा. प्रभूकडे आणलेल्या रोग्यांची यादी देताना मत्तय भूतग्रस्त वेगळे मोजतो, फेफरेकरी वेगळे आणि पक्षाघाती वेगळे. सुवार्तिकाला जो फरक ठाऊक होता तो आपण पुसून टाकू नये. शिवाय १७ व्या अध्यायात मत्तय जो मूळ ग्रीक शब्द वापरतो तो चंद्रावरून आलेला आहे. चंद्राच्या कलांनी हा रोग वाढतो अशी त्या काळच्या लोकांची समजूत होती. अमावास्या-पौर्णिमेची भीती आपल्याकडेही अजून आहे, तेव्हा त्यांना हसू नये.

या पाठातील सर्वांत दुर्लक्षित वचन माझ्या मते मार्क ९:२१ हे आहे. मुलगा जमिनीवर पडून तोंडाला फेस आणून लोळत आहे, आणि प्रभू बापाला विचारतो की याला असे केव्हापासून होते. ज्याला सर्व ठाऊक आहे तो विचारतो! बापही नीट सांगतो : बाळपणापासून, आणि पुष्कळदा विस्तवात व पाण्यातही पडला. कोणत्याही चांगल्या डॉक्टरचा पहिला प्रश्न हाच असतो. झटका केव्हापासून येतो, किती वेळ टिकतो, कोणत्या अंगाने सुरू होतो, झोपेत येतो की जागेपणी, नंतर शुद्ध किती वेळाने येते. डॉक्टरांसमोर झटका क्वचितच येतो, म्हणून ज्याने तो पाहिला असेल त्यानेच रोग्याबरोबर जावे. आता घरोघरी मोबाईल आहेत. झटक्याचे थोडे चित्रण करून नेले तर तज्ज्ञाला फार उपयोग होतो. मात्र ते डॉक्टरांसाठी असावे. मंडळीच्या ग्रुपवर पाठवण्यासाठी नव्हे.

विस्तव व पाणी हे शब्दही नुसते वाचून पुढे जाण्यासारखे नाहीत. आजही फेफरेकऱ्याला इजा होते ती येथेच : चूल, शेगडी, उकळते तेल, विहिरीचा काठ, नदी, तळे. आमच्या भागातील एका घरची गोष्ट सांगतो. मुलीला दोन वर्षे गोळ्यांनी चांगले होते. एका प्रार्थनासभेत बाहेरून आलेल्या उपदेशकाने सांगितले की विश्वास असेल तर गोळ्या टाका. घरच्यांनी टाकल्या. सहाव्या दिवशी भाकरी करताना ती चुलीवर पडली. हात व गालाची एक बाजू भाजली. उपदेशक तोवर दुसऱ्या गावी गेले होते. या गोळ्या एकाएकी बंद केल्या की झटके पूर्वीपेक्षा जोराने, कधी एकामागून एक न थांबता येतात आणि त्यात जीवही जातो. देवाने बरे केले असेल तर ते डॉक्टरांच्या तपासणीतही टिकेल. प्रभूने बरे केलेल्या कुष्ठरोग्याला याजकाकडे दाखवायला पाठवले होते.

आणखी एक पाहा. या प्रसंगात अविश्वासाबद्दल बोल कोणाला लागला? शिष्यांना आणि त्या पिढीला. बापाने तर आपला विश्वास अर्धवट आहे हे रडून कबूल केले, आणि त्याचेही मागणे मान्य झाले. मुलाला मात्र प्रभूने विश्वासाचा एक शब्द विचारला नाही. तेव्हा रोग्याच्या उशाशी बसून "तुमचा विश्वास कमी पडतो" असे म्हणणारा मनुष्य हा उतारा उलटा वाचत आहे. असे बोलून आपण आधीच थकलेल्या आईवर आणखी एक ओझे ठेवतो.

डॉक्टरविरुद्ध नेहमी पुढे केला जाणारा दाखला म्हणजे आसा राजा (२ इतिहास १६:१२). तो आजारात परमेश्वराकडे न वळता वैद्यांकडे गेला, हे खरे. पण मागील वचने वाचली तर कळते की या राजाने आधीच परमेश्वराला सोडून अरामाच्या राजावर भिस्त ठेवली होती आणि त्याबद्दल बोलणाऱ्या द्रष्ट्याला तुरुंगात टाकले होते. दोष देवाला विसरण्यात होता. हिज्कियाने अश्रू गाळून प्रार्थना केली, देवाने पंधरा वर्षांचे आयुष्य वाढवून दिले, आणि त्याच वेळी यशयाने गळवावर अंजिरांचे पोटीस बांधायला सांगितले. एकाच खोलीत प्रार्थना आणि पोटीस! लूक स्वतः वैद्य होता, हे पौल कलस्सैकरांस कळवतो. आपल्या देशात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला विभाग १९४९ साली डॉ. जेकब चांडी यांनी वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केला, हेही शब्बाथ शाळेच्या मुलांना सांगण्यासारखे आहे.

औषधांविषयी थोडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे, आणि नीट उपचार मिळाले तर त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांविना जगू शकतात. फिनोबार्बिटोन १९१२ पासून व फेनिटॉइन १९३८ पासून या रोगावर वापरात आहे; पुढे कार्बामाझेपीन, व्हॅल्प्रोएट व इतर अनेक आली. जुन्या गोळ्या फार महाग नाहीत. ठरल्या वेळी, न चुकता, बहुधा काही वर्षे घ्याव्या लागतात. कमी करणे किंवा थांबवणे हे डॉक्टरच ठरवतात. उपासाच्या दिवशीही गोळी चुकवू नये. व्हॅल्प्रोएटने गर्भाला अपाय होऊ शकतो, म्हणून लग्न ठरलेल्या वा मूल हवे असलेल्या स्त्रीने आधीच डॉक्टरांना विचारावे. मनाने गोळी सोडू नये. एवढ्याने झटके थांबत नसतील तर मेंदूविकारतज्ज्ञाकडे जावे. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, हैदराबादचे निम्स, बंगळूरचे निम्हान्स येथे ही सोय आहे.

आपल्या देशात झटक्यांचे एक मोठे कारण म्हणजे मेंदूत शिरलेल्या पट्टकृमीच्या अळ्या. डुकराचे मांस खाणाऱ्यांनाच हे होते असा समज आहे, आणि त्यावरून ख्रिस्ती घरांना टोमणेही ऐकावे लागतात. वस्तुतः पट्टकृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतील अंडी न धुतलेल्या भाजीतून, पाण्यातून, हातांतून पोटात जातात, तेव्हा ज्याने आयुष्यात मांस चाखले नाही त्यालाही हा रोग होतो. मांस पूर्ण शिजवावे, पालेभाजी धुवावी, शौचानंतर साबणाने हात धुवावेत.

शिक्षकांसाठी : वर्गात मुलाला झटका आला तर घाबरू नये. बाके बाजूला सारावीत, डोक्याखाली मऊ कापड द्यावे, गळ्याजवळचे बटण सोडावे, एका कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. हातपाय दाबून धरू नयेत. दातांत चमचा घालू नये, पाणी पाजू नये, चप्पल वा कांदा हुंगवू नये, हातात किल्ल्या देऊ नयेत. पाच मिनिटांत थांबला नाही, शुद्ध न येता पुन्हा आला, इजा झाली, किंवा हा आयुष्यातील पहिलाच झटका असला तर लगेच रुग्णालयात न्यावे. इतर मुलांना सांगावे की हे स्पर्शाने लागत नाही.

एक प्रकार मात्र शिक्षकांच्या नजरेतून सुटतो. मूल वचन म्हणता म्हणता मध्येच थांबते, काही सेकंद शून्यात पाहते, पुन्हा काहीच न घडल्यासारखे पुढे चालू लागते. दिवसातून असे अनेकदा होते. आपण म्हणतो, लक्ष नाही, आणि त्याला उभे करतो. हाही अपस्माराचाच एक प्रकार असतो व औषधाने बहुधा आटोक्यात येतो. असे आढळल्यास मुलाला रागावू नये; आईवडिलांना एकीकडे बोलावून सांगावे.

लग्नाच्या वेळी हा रोग लपवला जातो आणि मग गोळ्याही चोरून घ्याव्या लागतात. हिंदू विवाह कायदा व विशेष विवाह कायदा यांत अपस्मार हा विवाहाला अडथळा मानला जाई. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकला. कायद्याने काढलेला शब्द आपल्या घरांतून अजून गेलेला नाही. पाळकांनी विवाहपूर्व भेटीत दोन्ही घरांना समोर बसवून याविषयी उघड बोलावे.

वर्गात चर्चेसाठी : मार्क ९:२७ मध्ये मुलगा मेलाच असे लोक म्हणत असता प्रभूने काय केले? लूक ९:४२ प्रमाणे त्याने त्याला कोणाच्या हाती दिले? आपल्या मंडळीत असे मूल असल्यास भक्तीच्या वेळी त्याच्या शेजारी कोण बसते?