टाके निघाले, दुखणं राहिलं

२०१३ साली अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहरात ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेचे कलाकार चाहत्यांसमोर आले होते. मंचावर जायच्या तोंडावर त्यांच्यातल्या अभिनेत्री एमिलिया क्लार्कचं डोकं भयंकर ठणकायला लागलं. काही आठवड्यांपूर्वीच न्यूयॉर्कमध्ये तिची कवटी उघडून शस्त्रक्रिया झाली होती. आता आपलं काही खरं नाही, असं तिला वाटलं. तरी ती हजारो लोकांपुढे गेली, मुलाखतही दिली. चाहत्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मार्च २०१९ मध्ये ‘द न्यूयॉर्कर’मध्ये लेख लिहून तिने हे सारं प्रथमच उघड केलं.

तिचं दुखणं २०११ च्या फेब्रुवारीतलं. वय २४. लंडनच्या एका व्यायामशाळेत तिच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा फुटला. जांघेतल्या धमनीतून तार नेऊन डॉक्टरांनी तो बंद केला. पुढे काही दिवस तिला स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं. वाचा परतली, पण पुढे मालिकेच्या प्रसिद्धीच्या काळात दोन मुलाखतींच्या मध्ये ती मॉर्फिनचे घोट घेत होती. मेंदूतला आणखी एक फुगा २०१३ मध्ये वाढला तेव्हा तारेचा उपाय फसला, मोठा रक्तस्राव झाला आणि कवटी उघडावी लागली. कवटीच्या काही भागांच्या जागी आज टायटॅनियम आहे.

मेंदूची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला आपल्याकडेही घरोघरी विचारलं जातं, ‘‘ऑपरेशन झालं ना? मग आता काय दुखतंय?’’ प्रश्न मायेचाच असतो, पण रुग्ण त्यापुढे गप्प होतो. खरं तर मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, म्हणूनच काही शस्त्रक्रिया रुग्णाला जागं ठेवून करता येतात. दुखतं ते भोवतालचं: टाळूची त्वचा, तिच्यातल्या नसा, कापून पुन्हा शिवलेले स्नायू, मेंदूवरचं आवरण. कानशिलाजवळ चीर घेतली असेल, तर चावण्याचा स्नायूही दुखावतो. असा रुग्ण भाकरीचा घास घेतो आणि जबडा उघडतानाच कळवळतो. कुणाला चष्म्याची दांडी टोचते, कुणाला कंगवा सहन होत नाही, तर कुणाच्या टाळूला मुंग्या येतात आणि शेजारचाच भाग बधिर असतो. बहुतेकांचं हे हळूहळू ओसरतं. काहींचं तीन महिन्यांनंतरही राहतं, आणि ते थोतांड नसतं.

या टप्प्यावर सर्वांत मोठा धोका मेडिकलच्या दुकानातून परस्पर आणलेल्या गोळीचा. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा त्याहून अधिक दिवस, मिश्र औषधांची १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ चाललं, तर ती गोळीच डोकेदुखी जागी ठेवू लागते. रुग्ण मग आणखी गोळ्या घेतो. म्हणून एक वही करा. कुठे दुखतं, कधी, किती वेळ, कोणती गोळी घेतली, झोप कशी झाली, एवढं लिहा आणि तपासणीला जाताना वही सोबत न्या. ‘डोकं दुखतं’ एवढ्यावर डॉक्टरला फारसं कळत नाही. ‘व्रणाच्या मागच्या टोकाला दाबलं की वीज गेल्यासारखं होतं’ म्हटलं, तर दुखावलेल्या नसेचा विचार करता येतो. त्यावर वेगळी औषधं आहेत, नसेजवळ द्यायचं इंजेक्शन आहे, मानेचे आणि जबड्याचे व्यायाम आहेत. डॉक्टरांनी दिलेल्या फिटच्या गोळ्या मात्र बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका, फिट येऊ शकते.

थकव्याबद्दलही बोला. क्लार्कने आपल्या लेखात वेदनेबरोबर थकवा आणि भीतीही मोकळेपणाने मांडली, आणि अशाच रुग्णांच्या पुनर्वसनासाठी ‘सेमयू’ ही संस्था काढली. घरच्यांनी ‘वरून तर ठणठणीत दिसतोस’ म्हणणं थांबवावं आणि पाहुण्यांची रीघही थोडी आवरावी.

काही दुखणी मात्र वहीत लिहीत बसायची नसतात. अचानक उठलेली, कधी अनुभवली नाही अशी असह्य कळ, वारंवार उलट्या, ताप आणि ताठरलेली मान, जखमेतून किंवा नाकातून पाण्यासारखा स्राव, फिट, बोलताना जीभ अडखळणं, हातापायातली ताकद जाणं, वाढती गुंगी, यांतलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि शस्त्रक्रियेचे कागद सोबत घ्या.