टोक जाड दिसतं का?



सर्किट बोर्डाला भोकं पाडायला ३०१८ सीएनसी यंत्र घ्यावं की घरीच ड्रिल-स्टँड बनवावा, ही भाचेबुवांची विचारणा मामाला पोचली. मोटरच्या वॉटचं कौतुकही पोचलं. वॉट राहू देत. भाचेबुवांनी आधी बिट सरळ फिरतं का ते पाहावं.

ग्लास-इपॉक्सीच्या १.६ मिमी बोर्डात काचेचं कापड असतं. साधं एचएसएस बिट त्यावर लवकर बोथट होतं, म्हणून कार्बाइड वापरतात. कार्बाइड कडक, पण ठिसूळ. ०.८ मिमीच्या बिटाला बाजूने जरासा रेटा बसला की कट्‌! मामाने पहिल्या रविवारी मोटर हातात धरून काम काढलं आणि दुपारच्या चहाआधी चार बिटं मोडली. पाचवं स्टँडला लावलं, ते तीन बोर्ड पुरलं.

वेगाचा हिशेब सोपा आहे. भिंतीचं ड्रिल मिनिटाला ३,००० फेरे घेतं, तेव्हा ०.८ मिमी बिटाची धार मिनिटात जेमतेम साडेसात मीटर चालते. ३०,००० फेऱ्यांवर ७५ मीटर. कारखान्यांतले स्पिंडल लाखाच्या पुढे फिरतात ते यासाठीच. हौशी माणसाला १०,००० चालतात, फक्त हात सावकाश हवा.

स्टँडसाठी ७७५ मोटर आणि बिट पकडायला ईआर-११ कोलेट घ्यावं. या बिटांचा दांडा बहुधा ३.१७५ मिमी, म्हणजे अष्टमांश इंच; त्यामुळे एकच कोलेट पुरतं. वरखाली सरकायला ड्रॉवरचं चॅनल स्वस्त पडतं, पण त्यात प्ले, म्हणजे ढिलेपणा असतो. दोन गोल शाफ्ट आणि लिनियर बेअरिंग बरे.

सीएनसी वाईट नाही. किकॅड सॉफ्टवेअरमधून भोकांची फाइल काढून, तिचा जी-कोड करून त्याला देता येतो. एकाच नमुन्याचे दहा बोर्ड असतील तर ते हवंच. महिन्याला एखादाच बोर्ड असेल, तर तो जागेवर नेमका बसवण्यातच संध्याकाळ जाते. त्यापेक्षा एचिंगच्या वेळी पॅडच्या मध्यावर तांब्याविना ठिपका सोडावा. बिट आपसूक त्यात बसतं. बोर्डाखाली एमडीएफचा तुकडा, नाकावर मास्क, डोळ्यांवर चष्मा. ती धूळ काचेची असते.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला खरेदीला गेल्यावर दुकानातच बिट लावून मोटर फिरवून पाहावी. फिरताना टोक जाड दिसलं, तर ते डगमगतंय असं समजून कोलेट बदलून मागावं. दिवाळीला येताना स्पिंडल सोबत आणावा. डगमग मोजायला मामाकडे डायल इंडिकेटर आहे.

— मामा