फेलोशिपचा अर्ज: नागपूरच्या नवोदित कलाकारांनी काय करावे, काय टाळावे

नागपूरजवळच्या बेला गावात जन्मलेल्या बी. प्रभा नागपुरात चित्रकला शिकल्या आणि पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेल्या. १९५६ मध्ये एअर इंडियाने त्यांची सहा चित्रे प्रत्येकी ८७.५० रुपयांना घेतली. नाव झालेले नसताना मिळालेला पैसा पुढच्या कामाला सवड देतो. फेलोशिप मागायची ती या सवडीसाठी. स्त्रियांच्या आणि नॉन-बायनरी कलाकारांच्या वाट्याला नेमकी तीच कमी येते.

काय करावे

• वयाची अट आधी पाहा. संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयासाठी आहे: दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षे. २५ ते ४० वयासाठी ज्युनिअर फेलोशिप, १०,००० रुपये. चाळिशीपुढे सीनिअर, २०,००० रुपये. संसारात दहा-बारा वर्षे गेली म्हणून ‘आता कशाला’ असे कुणी म्हणाले, तर हा शेवटचा गट त्यांना दाखवा.

• प्रस्तावात जागा, माणसे आणि काळ लिहा. ‘स्त्रीमनाचा शोध’ असे लिहिल्याने परीक्षकाच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. ‘वडसा परिसरातल्या झाडीपट्टी नाटकांच्या हंगामात रंगमंचामागे तयार होणाऱ्या स्त्री-कलावंतांची रेखाचित्रे’ असे लिहिले की काम दिसू लागते. त्यापुढे कोणत्या महिन्यात काय करणार, ते चार ओळींत सांगा.

• मराठीत विचार करत असाल तर मराठीतच लिहा. बंगळूरुची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स भारतीय भाषांतले प्रस्ताव स्वीकारते. उसन्या इंग्रजीत चांगली कल्पनाही पोरकी वाटते.

• चित्रांचे फोटो नीट काढा. फ्रेमची काच काढा, नाहीतर त्यात तुमचा मोबाइल आणि मागची खिडकी दिसते. सकाळी गच्चीच्या सावलीत चित्र सरळ उभे करा, फ्लॅश बंद ठेवा. खाली माध्यम, आकार, वर्ष.

• बजेटमध्ये स्वतःचे मानधन धरा. नियमात बसत असेल तर पाळणाघराचा खर्चही लिहा. त्यात संकोच कसला? मूल सांभाळायला कुणी असेल तरच चित्र होणार आहे.

• घरी आधी बोला. रोजचे कोणते तास तुमचे, हे अर्ज भरण्यापूर्वीच ठरवून घ्या.

काय टाळावे

• निवड झाली म्हणून लगेच नोकरी सोडू नका. मंत्रालयाच्या फेलोशिपचा पैसा सहामाही हप्त्यांनी येतो.

• ज्युनिअर-सीनिअर फेलोशिपसाठी कार्यशाळा, प्रशिक्षण किंवा आत्मचरित्राचा प्रस्ताव पाठवू नका. ती कामे या योजनेत बसत नाहीत.

• प्रवेश शुल्क घेऊन ट्रॉफी आणि प्रमाणपत्र देणाऱ्या ‘पुरस्कारां’च्या नादी लागू नका. त्या पैशांत रंग येतात.

• स्वतःची जखम परीक्षकांपुढे उघडी करायला तुम्ही बांधील नाही. लिंगओळख कामात असेल तर ती कामातूनच येऊ द्या. ती सांगितल्याशिवाय आपला अर्ज उभा राहणार नाही, हे मनातून काढून टाका.

• ‘महिलांसाठी’ एवढेच लिहिलेले पाहून नॉन-बायनरी कलाकारांनी परस्पर माघार घेऊ नये. आयोजकांना ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नालसा निकालात मान्य केला आहे. आधारवरचे आणि कलेतले नाव वेगळे असेल, तर बँकेसाठी कोणते आणि जाहीर यादीत कोणते, हेही त्याच ईमेलमध्ये विचारा. निकाल छापून आल्यावर नको असलेले नाव मागे घेता येत नाही.

• शिफारसपत्र शेवटच्या आठवड्यात मागू नका. सरांना किंवा मॅडमना महिनाभर आधी प्रस्तावाची प्रत द्या, म्हणजे पत्रात तुमच्या कामाबद्दल काहीतरी असेल.