टसर किड्याचे दोन शत्रू : उझी माशी व पिवळी गांधीलमाशी

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत ऐन व अर्जुन या झाडांवर टसर रेशमाच्या किड्यांचे संगोपन होते. हे किडे उघड्या रानात वाढत असल्यामुळे त्यांना शत्रू पुष्कळ. भोक पडलेल्या कोशातून अखंड धागा निघत नाही व त्यास भाव मिळत नाही. असे भोक पाडणारे प्रमुख कीटक दोन आहेत. दोहोंची राहणी भिन्न असल्याने त्यांचे उपायही भिन्न आहेत.

ओळख : उझी माशी ही घरमाशीसारखी, परंतु तिच्याहून बरीच मोठी, काळसर करड्या रंगाची व दोन पंखांची असते. गांधीलमाशीस चार पंख असतात. तिचे अंग पिवळे असून त्यावर काळे ठिपके असतात.

उझी माशीचे कार्य : ही माशी अळीच्या अंगावर पांढरट अंडी चिकटविते. अंड्यातून निघालेला कृमी अळीच्या शरीरात शिरतो. शिरल्या जागी काळा डाग राहतो. आतील मांसावर पोसून तो अळीतून किंवा कोश फोडून बाहेर पडतो व जमिनीत शिरून तेथे कोषावस्थेत जातो.

गांधीलमाशीचे कार्य : ही माशी अळी कोश विणू लागली की येते. कोशाचे आवरण कोवळे असतानाच ती आपली अंडी घालण्याची नळी आत खुपसून अंडे घालते. तिचे पिल्लू आतील कोषावस्थेतील किड्यास खाऊन वाढते व शेवटी कोश कुरतडून बाहेर येते. तोवर कोश वरून चांगलाच दिसतो. म्हणून बियाण्यासाठी राखलेल्या कोशांना हिचा धोका विशेष आहे.

उपाय : काळे डाग असलेल्या अळ्या वेचून निराळ्या ठेवाव्यात व त्यांतून निघणारे कृमी जमिनीत शिरण्यापूर्वी साबणाच्या पाण्यात टाकून मारावेत. गांधीलमाशीसाठी कोश विणणाऱ्या अळ्या नायलॉनच्या जाळीखाली ठेवाव्यात आणि कोशावर बसलेल्या माश्या पकडून नष्ट कराव्यात. झाडांवर कीटकनाशक मुळीच फवारू नये. त्याने टसरची अळीच प्रथम मरेल.

परोपजीवी कीटक सर्वत्र शत्रू नव्हेत, हेही ध्यानात ठेवावे. उसावरील खोडकिडीच्या अंड्यांचा नाश करणारा ट्रायकोग्रामा हाही असाच एक कीटक असून तो शेतकऱ्याचा मित्र आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अळी व कोश हाती घेऊन हा भेद पालकांस प्रत्यक्ष दाखवावा.