आधी त्या दोघांना विचार

चि. मधुरास,


तुमच्या बौद्धिक दिव्यांगांच्या कार्यशाळेत जेवणाच्या सुट्टीत ती दोघं हात धरून बसतात म्हणून पालकसभेत गहजब झाला आणि आता त्यांच्या वेळा वेगळ्या कराव्यात का, असं तू विचारतेस. तुझ्या पत्रात व्यवस्थापनाचं मत आहे, दोन्ही आयांचं आहे, मेणबत्ती विभागाच्या बाईंचंही आहे. त्या दोघांचं मात्र नाही. ती सव्वीसची, तो एकतीसचा.

म्हणून आधी त्यांना विचार, वेगवेगळं बसवून. 'तुला तो आवडतो ना?' असं विचारू नकोस. समोरच्या बाईंना खूश करायला आपली ही मंडळी पटकन 'हो' म्हणतात, त्यांना जन्मभर तेच शिकवलेलं असतं. 'आज कोणाजवळ बसायचंय?' असं विचार, दोन-चार दिवसांनी पुन्हा विचार. शब्द अपुरे पडले तर फोटो पुढे ठेव. एकाला नको असेल तर तेही असंच कळेल.

आयांच्या भीतीला मात्र हसू नकोस. मुलीला कोणी फसवलं तर, दिवस गेले तर, या विचारानं त्या रात्र रात्र जागतात. पण कडी लावून मुलगी सुरक्षित राहते, हे खरं नाही. चंदीगडच्या नारी निकेतनमधल्या अशाच तरुणीवर अत्याचार झाला तो सरकारी संस्थेतच. उच्च न्यायालयानं तिच्या गर्भपाताचा आदेश दिला. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला, कारण ती सज्ञान होती, तिला मूल हवं होतं आणि तिच्या संमतीवाचून गर्भपात करता येत नव्हता. आपल्याकडचं तर तुझ्या आईलाही आठवत असेल. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या अशाच मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. कारण दिलं पाळीच्या स्वच्छतेचं! स्त्री-संघटनांनी आवाज उठवला तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. गर्भाशय काढल्यानं पाळी थांबते, अत्याचार थांबत नाही. उलट तो झाल्याचं कळायची एक वाट बंद होते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या दहाव्या कलमानुसार आता कोणाही दिव्यांग व्यक्तीवर तिच्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारे उपचार करता येत नाहीत. संततिनियमनाची योग्य माहिती मिळायला हवी, असंही तेच कलम सांगतं. पालकसभेत ते मराठीत वाचून दाखव.

माझा खरा भरवसा शिकवण्यावर आहे. अवयवांची नावं ठाऊक नसतील, तर कुठे हात लावला हे मुलगी सांगणार कशी? 'नाही' म्हणायचा सराव चहापासून सुरू कर: नको म्हणाली तर कप परत ने, आग्रह करू नकोस. हस्तमैथुनावरून ओरडू नकोस. ते न्हाणीघरात किंवा आपल्या खोलीत, दार लावून, बसमध्ये नाही, एवढं शांतपणे आणि हवं तितक्या वेळा सांग. पुरुषांनाही हे शिकव. समोरच्याचा नकार ओळखणं त्यांनाही कोणी शिकवलेलं नसतं. आणि त्यांनी विश्वासानं सांगितलेलं सगळंच घरी कळवायचं नसतं. धोका दिसला तर कळवावंच लागेल, आणि तसं त्यांना आधीच सांगून ठेव.

एका बाबतीत मी कडक आहे. 'लग्न झालं की सुधारेल' म्हणत काही घरं अशा मुलासाठी गरिबाघरची मुलगी आणतात, तिला नीट काही सांगत नाहीत आणि आईनंतर मुलाचं करायला माणूस मिळालं म्हणून निर्धास्त होतात. याला हक्क म्हणून कोणी तुझा पाठिंबा मागितला तर देऊ नकोस. त्यात ना त्याला कोणी विचारलेलं असतं, ना तिला. दोघांना खरंच एकत्र राहायचं असेल, तर भाडं, औषधं, स्वयंपाक, मूल हवं की नको, हे सगळं त्यांच्यासमोर बोलायला हवं आणि मदतीला कोण येणार तेही ठरायला हवं. त्याला वर्षं लागतात.

तोवर शिकवण्यासाठी चित्रांचे तक्ते करायला घे. विकतच्या तक्त्यांतली माणसं आपल्या लोकांना परकी वाटतात. त्यांच्याकडूनच काढून घे, साडी, लुंगी, गाऊन, जसं घरी दिसतं तसं.

तुझी,
सुमनमावशी