वाईभोंवतालच्या गडवाटा

वाईस गणपतीच्या घाटावर उभें राहिलें असतां कृष्णेचें खोरें डोंगरांनीं वेढलेलें दिसतें. पांडवगड, वैराटगड, केंजळगड व कमळगड यांच्या पायथ्याच्या गांवांपर्यंत मोटारीनें जातां येतें. तेथून पुढें पायांचेंच काम. हे गड निरनिराळे असले तरी त्यांच्या वाटांची रचना बहुधा एकच आहे, व ती विद्यार्थ्यांनीं चढण्यापूर्वीं समजून घ्यावी असें आम्हांस वाटतें.

हे डोंगर सुमारें ६.५ कोटि वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थर एकावर एक सांचून बनले. कठीण थराचा उभा कडा राहतो; मऊ थर झिजून उतार होतो. म्हणून वाट सोंडेनें चढते, आणि सोंड कड्यास भिडते तेथें पायऱ्या किंवा दरवाजा सांपडतो. केंजळगडाच्या कातळांत कोरलेल्या पायऱ्या पाहिल्या म्हणजे हें तत्काळ पटेल. कमळगडावर तर डोंगराच्या पोटांतच उतरतां येतें. तेथील कावेच्या विहिरींत खोलवर पायऱ्या आहेत व भिंती तांबड्या आहेत. (नांव विहीर आहे म्हणून पिण्याचें पाणी घरीं ठेवून जाऊं नये!)

खरा धोका उतरतांना. वाट चुकते, दिवस कलतो, खालीं दिवे दिसूं लागतात, आणि मुलें ओढ्यांत शिरतात; कारण ओढा गांवाकडेच जातो. परंतु तो कड्यावरून खालीं कोसळतो. अशा वेळीं ओढा सोडून पुन्हां सोंडेवर यावें, व वाट न सांपडल्यास रात्र तेथेंच काढावी. पायथ्याच्या गांवीं आधीं सांगून ठेवलें असेल, तर सकाळीं कोणी तरी शोधावयास येईल.