मत्स्यबीजाची जोपासना आणि पाण्याचे उष्णतामान

कोल्हापूर जिल्ह्यातील गावतळी, पाझर तलाव व शेततळी यांत कटला, रोहू आणि मृगळ या जातींचे मत्स्यबीज सोडण्याची प्रथा आता चांगलीच रूढ झाली आहे. तथापि, बीज सोडल्यानंतर महिनाभरात ‘तळ्यात मासाच दिसत नाही’ अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. दोष बीजाला दिला जातो. वस्तुतः अनेक वेळा बीज उत्तम असते. ते तळ्यात सोडताना पाण्याच्या उष्णतामानाकडे दुर्लक्ष झालेले असते. या लहानशा चुकीमुळे बीजाची किंमत आणि हंगाम, दोन्ही वाया जातात. म्हणून या विषयाची माहिती ग्रामसेवक व शेतकरी बंधूंनी करून घेणे अगत्याचे आहे.

अंड्यावर होणारा परिणाम

कोंबडी अंड्यांवर बसून त्यांना ऊब देते. माशाच्या अंड्याला अशी ऊब देणारे कोणी नसते. सभोवतालचे पाणी जितके उबदार, तितकीच त्याची ऊब. अंड्यातील जीवाची वाढ त्या उबेच्या वेगाने होते. कटला, रोहू व मृगळ यांची अंडी २४ ते ३१ अंश सेंटिग्रेड उष्णतामानात साधारणतः १४ ते २० तासांत फुटतात. २७ ते २९ अंश हे उष्णतामान सर्वांत अनुकूल समजावे. पाणी याहून बरेच थंड असल्यास उबवण लांबते आणि अंड्यांवर बुरशी चढण्यास अवधी मिळतो. पाणी फार तापल्यास वाढ घाईने व सदोष होते, पिल्ले वाकडी किंवा दुर्बळ निपजतात. सायप्रिनस माशाची अंडी पाणवनस्पतींना चिकटून राहतात व ती फुटण्यास सुमारे २ ते ३ दिवस लागतात. थंडीच्या दिवसांत हा काळ आणखी वाढतो.

पूर्वी या माशांचे बीज पावसाळी पुराच्या वेळी नद्यांतूनच गोळा करावे लागे. १९५७ साली ओरिसातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी व डॉ. अलिकुन्ही यांनी माशांस मस्तिष्क ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातील पाण्यात प्रजनन घडवून आणले. तेव्हापासून बीज केंद्रात तयार होऊ लागले. परंतु केंद्रातील पाणी व आपल्या तळ्यातील पाणी यांत फरक असतो, हे विसरता कामा नये.

जिऱ्यांची नाजूक अवस्था

अंड्यातून निघालेल्या जिऱ्याच्या पोटाशी अन्नाची पिशवी असते. सुमारे ३ दिवस ते त्यावरच जगते. पाणी उबदार असेल तर शिदोरी लवकर संपते. त्यानंतर तळ्यात सूक्ष्म जीवांचे अन्न तयार नसेल तर जिरे उपाशी मरते. यासाठी संगोपन तळ्यास शेणखत आधीच द्यावे.

दुसरी गोष्ट प्राणवायूची. २० अंशांच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांच्या पाण्यात सुमारे साडेसात मिलिग्रॅम. म्हणजे पाणी तापले की प्राणवायू घटतो, आणि नेमकी त्याच वेळी पिल्लांची गरज वाढते.

कोल्हापुरातील परिस्थिती

जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे आभाळ दिवसेंदिवस झाकलेले असते. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या पश्चिमेकडील तालुक्यांत तळ्याचे पाणी थंड राहते, तर शिरोळ-हातकणंगले भागात उघडीप मिळताच उथळ पाणी भराभर तापते. दिवसभराच्या उन्हानंतर एकाएकी जोराचा पाऊस झाला, तर थंड पाणी खाली जाऊन तळाचे कुजकट पाणी वर येते. अशा पावसानंतर पहाटे पिल्ले पृष्ठभागावर तोंड उघडताना दिसतात.

बीजाची गाडी पुष्कळदा भर दुपारी गावात पोहोचते. पिशवीतील पाणी प्रवासात तापलेले आणि तळ्याचे पाणी थंड, अथवा याच्या उलट. अशा वेळी पिशवी फोडून बीज एकदम पाण्यात ओतल्यास पिल्लांना जबर धक्का बसतो. काही तेथेच मरतात, उरलेली सुस्त होऊन बेडूक व पाणकिड्यांचे भक्ष्य होतात. तरव्यातील रोप उपटून कडक उन्हात टाकावे, तसाच हा प्रकार होय.

काय करावे?

१. बीज शक्यतो सकाळी लवकर किंवा सायंकाळी सोडावे.

२. बंद पिशव्या १५ ते २० मिनिटे तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवाव्यात. ऊन असल्यास त्यांवर ओले गोणपाट टाकावे, नाही तर पिशवी उन्हाने अधिकच तापते.

३. नंतर तोंड उघडून तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घालावे. शेवटी पिशवी तिरपी धरून पिल्लांना आपण होऊन बाहेर पोहू द्यावे.

४. संगोपन तळ्यात १ ते दीड मीटर पाणी राखावे. उथळ पाणी दिवसा तापते व रात्री निवते.

५. विहिरीचे पाणी सोडावयाचे झाल्यास ते उंचावरून फवाऱ्यासारखे व सावकाश सोडावे, म्हणजे त्यात हवा मिसळेल व उष्णतामान एकदम बदलणार नाही.

६. सकाळी व दुपारी तीनच्या सुमारास, पृष्ठभागाखाली एक फुटावर उष्णतामापक धरून नोंद ठेवावी.

आपल्या गुऱ्हाळातील अनुभवी गुळव्या काहिलीतील रसाचा ताव नजरेने अचूक ओळखतो. तळ्याच्या पाण्यातील तीन-चार अंशांचा फरक मात्र हाताला सहज कळत नाही, पिल्लांना तो लगेच जाणवतो. उष्णतामापकाची किंमत थोडी आहे. वाया गेलेल्या हंगामाची फार मोठी. ग्रामसेवकांनी येत्या हंगामात बीज येण्यापूर्वी प्रत्येक तळ्याच्या पाण्याची आठ दिवसांची नोंद करून ठेवावी आणि बीज सोडताना स्वतः हजर राहावे, अशी त्यांना विनंती आहे.